पावती सर

पावती सर बाजारपेठेतून निघाले की समोरची गर्दी आपोआप पातळ होते. कापडदुकानाचा मालक एकाएकी वाकून गल्ल्याखाली पडलेलं काहीतरी शोधायला लागतो. मोटारसायकलवरचा गडी फोन कानाला लावतो. घाईत तो उलटा लावलेला असतो. सर हे सगळं बघतात आणि काही बोलत नाहीत. वाकलेला माणूस कधीतरी सरळ होणारच, एवढा त्यांचा मनुष्यस्वभावावर विश्वास आहे. ते दुकानासमोर शांतपणे उभे राहतात, शबनममधून पावतीबुक काढतात, कार्बन नीट बसवतात आणि मालक वर आला की विचारतात, "सापडलं का?"

त्यांचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय. कॉलेजात त्यांनी आयुष्यभर बुक-कीपिंग शिकवलं. निवृत्तीच्या निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्याच व्यासपीठावर आभार मानायला उठून त्यांनी मुलांच्या परीक्षा फीसाठी माजी विद्यार्थी मासिक निधीची घोषणा केली आणि मिळालेल्या पाकिटातले शंभर रुपये काढून पहिली पावती स्वतःच्या नावाने फाडली. दुसरी प्राचार्यांच्या नावाने. प्राचार्य तेव्हापासून निरोप समारंभांत भाषणं आटोपशीर ठेवायला लावतात.

हा नमुना एकाच गावात सापडतो असं नाही. संगमनेर घ्या, शेवगाव घ्या, श्रीगोंदा घ्या. तालुक्याच्या कॉलेजात असा एखादा सर असतोच, आणि नसेल तर त्या कॉलेजच्या मुलांच्या परीक्षा फीचं काय होत असेल ते परीक्षा विभागालाच ठाऊक. आमच्या सरांची जुनी पावतीबुकं 'अहमदनगर' छापलेली होती. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा कुणीतरी सुचवलं, आता नवी छापा. सरांनी 'अहिल्यानगर'चा रबरी शिक्का करून घेतला. नामांतरापायी त्यांना आलेला खर्च एवढाच.

सरांचं एक ठाम मत आहे: मोठी देणगी ही कॉलेजला लागलेली लॉटरी, आणि लॉटरीवर घर चालत नाही. या मतामुळे संस्थेच्या कार्यकारिणीत त्यांना फारसं कुणी बोलावत नाही. संस्थेला आवडतो तो लाखाचा दाता, कारण त्याचा सत्कार करता येतो, त्याला पाहुणा म्हणून बोलावता येतं, कमानीवर त्याच्या आईवडिलांचं नाव घालता येतं. आमच्या कॉलेजची कमान इतकी भव्य आहे की आतली इमारत तिच्यामागे लपलेली पहिल्यांदा येणाऱ्याला दिसतच नाही. पंख्यांच्या पात्यांवरही नावं आहेत. पंखा फिरत असेपर्यंत दाता कोण ते कळत नाही. वीज गेली की सगळे दाते एकदम वाचता येतात. आमच्याकडे वीज बऱ्याचदा जाते, त्यामुळे दात्यांची तक्रार नाही.

"कमान पडेपर्यंत तो माणूस परत येणार नाही," सर म्हणतात. "त्याचा कॉलेजशी हिशेब मिटला. मला हिशेब मिटवणारा नको, उधारीवाला पाहिजे."

एकदा एका जुन्या विद्यार्थ्याने खरोखरच एक लाखाचा चेक पुढे केला. सरांनी तो घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "हा संस्थेला दे. मला महिन्याला शंभर दे." त्या बिचाऱ्याला दोन्ही द्यावे लागले.

२०२३ साली वर्तमानपत्रात मुंबईच्या आयआयटीच्या बातम्या लागोपाठ आल्या. जूनमध्ये नंदन निलेकणींनी ३१५ कोटी दिले आणि डिसेंबरमध्ये १९९८ च्या तुकडीने मिळून ५७ कोटींचा शब्द दिला. प्राचार्यांनी तातडीने सभा बोलावली. आपल्याही विद्यार्थ्यांत एखादा निलेकणी असेल, त्याला शोधला पाहिजे, असं ठरत होतं. सर म्हणाले, "असेल. पण आपल्याकडे त्याचा फोन नंबर नाही." सभा तिथेच संपली, कारण ते खरं होतं. सरांकडे मात्र निलेकणी सोडून बाकी सगळ्यांचे नंबर आहेत: गावातला नंबर, पुण्यातला नंबर, बायकोचा नंबर, आणि ज्याने नंबर बदलला त्याच्या मेव्हण्याचा नंबर.

वर्गणी गोळा करायची ही विद्या ते कुठे शिकले, यावर दोन मतं आहेत. सर स्वतः मोठी घराणी सांगतात. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड: माणशी वर्षाला एक पैसा, टिळकांचा पाठिंबा, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला उभा राहिलेला काचकारखाना. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काढलेली रयत शिक्षण संस्था आणि वसतिगृहासाठी घराघरातून निघालेलं मूठ-मूठ धान्य. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगसाठी विकलेल्या मंगळसूत्राची गोष्ट सांगताना ते थांबतात. मग लगेच हिशेबावर येतात: "मंगळसूत्र एकदाच विकता येतं. बोर्डिंग चाललं ते मुठीवर." पैसा फंडावर त्यांची टीकाही आहे. वर्षातून एकदा एक पैसा मागायला जाणाऱ्याच्या चपला झिजतात त्याहून जास्त, असं त्यांचं म्हणणं. महिना हाच खरा. वर्षभरात माणूस विसरतो आणि आठवड्याला गेलं तर कुत्रं सोडतो.

दुसरं मत गावाचं, आणि मला तेच जास्त पटतं. सर ही विद्या शिकले शेजारच्या पिग्मी एजंटाकडून. नगर जिल्हा पतसंस्थांचा. इथे प्रत्येक पेठेत संध्याकाळी एक माणूस हातात छोटं मशीन घेऊन दुकानोदुकानी फिरतो आणि वडेवाल्यापासून सराफापर्यंत प्रत्येकाकडून रोजचे पन्नास-शंभर घेऊन जातो. सरांनी निवृत्तीनंतर काही दिवस त्याच्या मागे मागे फिरून बघितलं. एजंट पैसे मागतच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. तो फक्त येतो. तो आला म्हणजे सात वाजले, आणि सात वाजले म्हणजे पैसे द्यायचे. एखाद्या दिवशी तो आला नाही तर दुकानदारच चुकल्यासारखा होतो. सर घरी आले आणि त्यांनी दात्यांची यादी तारखेप्रमाणे लावून काढली.

आता तारखेप्रमाणे म्हणणं सोपं आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८९० मध्ये माजी विद्यार्थ्यांचा निधी सुरू केला आणि दरवर्षी मागायची पद्धत पाडली, हे सरांना त्यांच्या पुतण्याने सांगितलं. सरांनी पहिला प्रश्न विचारला: "त्यांच्या पोरांचा पगार कधी होतो?" पुतण्याला हा प्रश्न कळला नाही. पण आमच्या जिल्ह्यात नियमित देणगीची सगळी मेख तिथेच आहे. नियमित द्यायला आधी नियमित यावं लागतं, आणि इथे नियमित येतो तो फक्त टँकर, तोही उन्हाळ्यात.

म्हणून सरांच्या वहीत महिना एकच नाही. सुपे एमआयडीसीतल्या आणि चाकणच्या पोरांचा महिना सात तारखेला सुरू होतो. झेडपीच्या मास्तरांचा पगाराच्या शालार्थ प्रणालीच्या मर्जीने. संगमनेर-राहात्याकडचे दूधवाले दर दहा दिवसांनी पेमेंट घेतात. त्यांच्यासाठी सरांनी महिन्याचे तीन तुकडे पाडले आणि गावच्या डेअरीच्या सेक्रेटरीला (तोही विद्यार्थीच, बुक-कीपिंगमध्ये ग्रेसने सुटलेला) सांगून ठेवलं. ऊसवाल्यांचं निराळं. कायद्याने कारखान्याने चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. सर त्या चौदा दिवसांवर विसंबत नाहीत. मात्र ऊसवाल्याला कपातीची सवय असते हे ते जाणून आहेत. १९५० च्या अखेरीला लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगिळांनी सहकारी कारखान्याचं धुराडं पेटवलं, तेव्हापासून या जिल्ह्याने टनामागे कपात हा प्रकार पाहिलाय, आणि त्या कपातीतून शाळा-कॉलेजं उभी राहिलेलीही पाहिलीत. टनामागे गेलेलं शेतकऱ्याला दिसत नाही, म्हणून दुखत नाही. पाथर्डीकडचे जे विद्यार्थी आज ऊसतोड टोळ्यांचे मुकादम आहेत, त्यांना सर दिवाळीच्या आधी गाठतात, उचल हातात असते तेव्हा. कारण नंतर ते सहा महिने कुठल्या फडात असतील ते त्यांनाही माहीत नसतं.

सगळ्यात अवघड कांदेवाला. सर सकाळी पेपर उघडतात ते घोडेगाव आणि नेप्तीचे लिलाव बघायला. राजकारण नंतर. भाव पडलेला असला तर कांदेवाल्याला ते फोन करत नाहीत. भाव चढला तरी पहिल्या दिवशी करत नाहीत, कारण तेव्हा तो अजून चढेल म्हणून कांदाचाळीतला माल काढत नाही. विकलेल्या मालाच्या पैशांची पट्टी हातात पडली त्या संध्याकाळी, गडी नगरहून परत येताना भेळ खायला थांबतो तिथे, सर शेजारच्या बाकावर बसलेले असतात. योगायोगाने.

त्यांच्या रजिस्टरचा शेवटचा रकाना 'शेरा' म्हणून आहे. ज्या महिन्यात शंभर आले नाहीत त्या महिन्याचं कारण त्यात लिहायचं, असा नियम. बुक-कीपिंगचा मास्तर असल्याने रकाना रिकामा ठेवणं त्यांना जमत नाही. मी एकदा ते रजिस्टर दुपारभर वाचत बसलो. 'कांदा सडला.' 'बोअर कोरडा.' 'बोअरला पाणी लागले, मोटार घ्यायची आहे.' 'सासऱ्यांचे बायपास.' 'ग्रामपंचायतीस उभा, पैसे नाहीत.' पुढच्या महिन्यात त्याच नावासमोर: 'निवडून आला, भेटत नाही.' एकासमोर नुसतं 'सप्ताह' लिहिलंय. गावात हरिनाम सप्ताह होता आणि वर्गणी तिकडे गेली. एका प्राध्यापकासमोर सलग तीन महिने 'सुटे नाहीत' असं आहे आणि चौथ्या महिन्यात 'सुटे घेऊन गेलो'. एका नावासमोर 'पत्नी माहेरी' असं लिहून ते खोडलंय आणि बाजूला बारीक अक्षरात 'विचारू नये' लिहिलंय. पुढचं पूर्ण वर्ष त्या नावासमोर काही नाही. मग एका महिन्यात दोनशे जमा.

जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नसलेला तालुक्याचा इतिहास त्या एका रकान्यात आहे. सर मात्र त्याला 'गळतीचं खातं' म्हणतात.

पैसे जातात कुठे, याचा हिशेब ते नोटीस बोर्डावर लावतात. परीक्षा फी, खानावळीचे थकलेले पैसे, एसटीचे पास. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो; मुलगी तेरावीला आली की घरून 'आता रोज कशाला जायचं' सुरू होतं. सरांच्या वहीतल्या कित्येक रकमा त्या 'कशाला'चं उत्तर आहेत. पण दात्याला ते हे ऐकवत नाहीत. हृदय द्रवलेला माणूस एकदाच देतो, असा त्यांचा अनुभव आहे.

मध्यंतरी त्यांनी फोनचं काम 'कमवा व शिका' योजनेतल्या मुलांकडे दिलं. ग्रंथालयामागच्या खोलीत, जुनी हजेरीपत्रकं ठेवलेल्या कपाटाला टेकून, संध्याकाळी चार मुलं फोन लावत बसतात. पुतण्या म्हणाला, अमेरिकेत अगदी असंच करतात, विद्यार्थीच फोन करतात. सर म्हणाले, तिकडे फोनवर तिसगावची मावशी निघते का? कारण परवाच त्यांच्यासमोर हे झालं होतं.

"हॅलो, सर, मी कॉलेजातून बोलते."

"लोन नको."

"लोन द्यायला नाही सर. मागायला केलाय."

पलीकडे एकदम शांतता. चाकणच्या कंपनीतला माणूस, दिवसाला दहा लोक कर्ज द्यायला बसलेले. मागणारं कुणी भेटलंच नव्हतं.

"तू कोणत्या गावची गं?"

"तिसगावची."

"तिसगावला तर आमची मावशी दिलीय! वेशीजवळ घर आहे बघ."

मग मावशीचा मोतीबिंदू, तिचा धाकटा, त्याची न जमणारी सोयरीक, असं बराच वेळ. मुलगी घाबरून सरांकडे बघत होती. शंभर रुपयांचा विषयच निघेना. सरांनी खुणेनेच सांगितलं, चालू दे. शेवटी तो स्वतःच म्हणाला, "बरं, ते पैशाचं काय म्हणत होतीस?" दोनशेवर नाव लागलं. त्या बदल्यात मुलीने मावशीला औषधाच्या थेंबांची आठवण करायचं कबूल केलं. सरांनी ते वहीत लिहून ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात तिला विचारलं, थेंब घातले का.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना संस्थेच्या एका तरुण विश्वस्तांनी डिजिटल व्हायचं मनावर घेतलं. आधी बँकेतून परस्पर कपात करायचे फॉर्म भरून घेतले. त्यातले बरेचसे 'सही जुळत नाही' म्हणून परत आले, कारण खातं उघडताना माणूस विद्यार्थी होता आणि सही पूर्ण नावाची करायचा. आता तो साहेब आहे आणि नुसती रेघ ओढतो. मग यूपीआयवर ऑटोपे आलं. सरांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, आता आपण रिटायर.

आपोआप पैसे कापण्याआधी ग्राहकाला किमान चोवीस तास आधी कळवायचं, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण त्या मेसेजात संस्थेचं लांबलचक नाव इंग्रजीत अर्धवट छाटून येतं, आणि ते वाचून ती शिक्षण संस्था आहे की चिटफंड, हे कुणालाच कळत नाही. पहिल्याच महिन्यात चार तारखेला सरांचा फोन सकाळी सहाला वाजायला लागला.

"सर, उद्या माझ्या खात्यातून कुणीतरी शंभर रुपये काढतंय. तुम्ही बुक-कीपिंग शिकवलंय म्हणून तुम्हाला विचारतो."

"मीच काढतोय."

"अस्सं. मग असू द्या."

विश्वस्त कपाळाला हात लावून बसले. सर मात्र खूश. आयुष्यभर त्यांनी लोकांना फोन केले होते. आता लोक त्यांना करत होते, तेही ठरलेल्या तारखेला. आलेला फोन ते वाया घालवत नाहीत. आईची तब्येत, पोराची दहावी, पावसाचं काय, आणि शेवटी, "शंभराचे दीडशे करतोस का? नाहीतरी मेसेज येतोच आहे." काहींनी ऑटोपे बंदही केलं. त्यांच्याकडे सर पावतीबुक घेऊन गेले. त्यांचं म्हणणं, मशीनने सोडलेला माणूस आपण का सोडायचा?

आयकराचा मुद्दा निघाला की ते थोडे हैराण होतात. शिकलेला दाता पहिलं विचारतो, "ऐंशी-जी आहे का?" आहे. पण नवी कररचना घेतली असेल तर त्या सवलतीचा उपयोग नाही, हे सरच त्याला सांगतात; लपवत नाहीत. वर संस्थेला दरवर्षी मेअखेर देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरायची असते, तिच्यात पॅनसारखा ओळख क्रमांक लागतो. शंभर रुपये मागितले तर माणूस देतो. पॅन मागितला की तोच माणूस चार पावलं मागे सरकतो आणि विचारतो, "सर, सगळं ठीक आहे ना?" मार्केट यार्डातल्या एका हमालाने, जो बी.कॉम. आहे आणि पहिल्या दिवसापासून एकही महिना चुकला नाही, सरांना सरळ सांगितलं: "शंभराचे तीनशे घ्या, पण पॅन मागू नका." त्याचं पॅन कार्ड बायकोने साडीच्या घडीत ठेवलं होतं आणि कुठल्या साडीच्या ते तिला आठवत नव्हतं.

कॉलेज तपासायला नॅकची समिती यायची असली की सरांचे दिवस पालटायचे. मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागासाठी पाचव्या निकषात वेगळं कलम होतं. प्राचार्य अचानक त्यांना 'आमचे आधारस्तंभ' म्हणू लागायचे. मागच्या वेळी समितीला आधी कमान दाखवली, मग पंखे. समितीतले एक वयस्कर सदस्य, परराज्यातले, कंटाळून एका खुर्चीत बसले आणि समोर होतं ते रजिस्टर उघडून बसले. मराठी त्यांना येत नव्हतं. त्यांनी बोटाने शेऱ्याचा रकाना दाखवून विचारलं, हे काय? प्राचार्यांनी प्रसंगावधान राखून 'फीडबॅक मेकॅनिझम' असं सांगितलं. सदस्यांनी कौतुकाने मान हलवली आणि एका नोंदीचा अर्थ विचारला. दुर्दैवाने बोट 'निवडून आला, भेटत नाही'वर होतं. सरांनी हिंदीत अर्थ सांगितला. सदस्य इतके हसले की चहा सांडला, आणि म्हणाले, हे तर आमच्याकडेही असंच आहे. समिती गेली. आठवड्याभरात आधारस्तंभांची खुर्ची परत ग्रंथालयामागे गेली.

हल्ली सरांचे गुडघे बोलायला लागलेत. संस्थेने मदतीला एक तरुण प्राध्यापक दिला, तासिका तत्त्वावरचा. हुशार पोरगा. त्याने पहिल्याच दिवशी सगळ्या दात्यांचा व्हॉट्सॲप गट केला आणि कमळाच्या चित्रावर 'दान हेच पुण्य' असं लिहून पाठवलं. चौतीस नमस्कार आले, दोन वाढदिवसाचे केक आले, एकाने प्लॉट विकायला आहे म्हणून फोटो टाकला. पैसे आले नाहीत.

सरांनी त्याला शेजारी बसवलं. "फोन कर. आधी आईचं विचार. मग पावसाचं. पैशाचं त्यालाच काढू दे."

"आणि त्याने नाहीच काढलं तर?"

"तर शेऱ्यात लिही, आणि पुढच्या महिन्यात परत आईचं विचार."

पोरगा दोन महिन्यांत तयार झाला. त्याची आणि सरांची एकच बाचाबाची झाली, ती सरांनी रजिस्टरमध्ये त्याचंच नाव घातलं तेव्हा. "सर, माझं मानधन जुलैपासून निघालेलं नाही," तो म्हणाला. "तासिकेवाल्यांचं कधी निघतं ते तुम्हाला माहीत नाही का?" सरांनी चष्मा पुसला, देणगीची रक्कम शंभर लिहिली आणि 'देय तारीख' या रकान्यात, पूर्वी फक्त कांदेवाल्यांसाठी वापरत ते शब्द घातले: 'पट्टी झाल्यावर'. मग पावतीबुक त्याच्याकडे सरकवलं आणि कार्बन कसा बसवायचा ते दाखवायला लागले.